विश्लेषण : हप्ता दरमहा, मोहफूल वर्षातून एकदाच! चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरखर्चाचे गणित काय सांगते?

मोबाइलच्या हप्त्याची तारीख दर महिन्याला न चुकता येते. मोहफूल मात्र वर्षातून एकदाच, फाल्गुन-चैत्रात गळते. तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यातले काही आठवडे टिकतो. धान दिवाळीच्या आगेमागे निघते आणि त्याचे चुकारे खात्यात कधी जमा होतील, हे हमीभाव केंद्रावरचा माणूसही छातीठोकपणे सांगू शकत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील हजारो कुटुंबांची ओढाताण याच विसंगतीत आहे. उत्पन्न हंगामी आणि खर्च मासिक. अशा वेळी ‘काटकसर करा’ असा सल्ला देणे सोपे असते. पण काटकसर कशात करायची, कोणी करायची आणि समाधान नावाची गोष्ट या हिशेबात बसते का, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत.

अनिश्चितता नेमकी कसली?

गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापला आहे. शेती प्रामुख्याने धानाची, तीही बहुतेक ठिकाणी एकपिकी. मामा तलाव भरला तर रोवणी वेळेवर होते, नाही भरला तर आभाळाकडे पाहायचे. उरलेल्या महिन्यांत मोहफूल, टोळ, तेंदू, बांबू, डिंक, चारोळी आणि मजुरी. धान निघाले की अनेक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. चंद्रपुरात कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंट आणि कागद कारखाने आहेत. परंतु तिथल्या कामगारांतही कंत्राटी हात मोठ्या संख्येने आहेत. कंत्राट संपले की पगार संपतो. सुरजागडच्या लोहखनिजाने आणि कोनसरीच्या प्रकल्पाने गडचिरोलीत नवा पैसा आणला. त्याबरोबर दुचाकी, चारचाकी आणि ट्रकचे कर्जही आले.

या अनिश्चिततेला इथे आणखी एक बाजू आहे, जी शहरातल्या अर्थतज्ज्ञांच्या तक्त्यात सापडत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. जंगलातून घरात येणाऱ्या रुपयामागे केवळ घाम नसतो, कधी कधी जीवही टांगणीला लागलेला असतो. म्हणूनच तो रुपया कुठे जातो, हे बघणे कंजूषपणाचे लक्षण नाही. तो कमावणाऱ्या माणसाचा मान राखण्याचा तो भाग आहे.

खर्चाची घडी कशी बदलली?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये होता. त्यातला अन्नावरचा वाटा सुमारे ४६ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. ही एका अर्थाने चांगली बातमी आहे. पोट भरल्यानंतर हातात काहीतरी उरते आहे. मात्र हे उरलेले कुठे जाते? अन्नखर्चातही सर्वांत मोठा वाटा तांदूळ, डाळ किंवा भाजीचा नव्हता. चहा-शीतपेये, बाहेरचे तयार जेवण आणि पाकीटबंद पदार्थ यांचा होता. एकूण खर्चाच्या ९.६२ टक्के, म्हणजे माणशी महिन्याला सुमारे ३६३ रुपये.

त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. ग्रामीण भागात पान, तंबाखू आणि मद्य यांवरचा खर्च ३.७९ टक्के आणि शिक्षणावरचा ३.३० टक्के. ही देशाची सरासरी आहे. तंबाखू न खाणारेही तिच्यात मोजलेले आहेत.

दुसरीकडे बचत आटते आहे. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२-२३ मध्ये देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. हा कित्येक दशकांतील नीचांक होता. बचतीचा सगळाच पैसा उधळला गेला असे नाही. काहींनी घरे बांधली, जमीन घेतली. पण कर्जही वाढले. विनातारण ग्राहक कर्जे इतक्या वेगाने फुगली, की नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्यांवरील जोखीमभार वाढवून बँकांना लगाम घालावा लागला.

हप्त्याची खरी किंमत किती?

हप्ता स्वस्त वाटतो, कारण तो तुकड्यातुकड्याने दिसतो. त्याला रुपयांऐवजी धानात मोजून पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. समजा, एखाद्या कुटुंबाने ४० हजार रुपये दोन वर्षांसाठी वार्षिक २४ टक्के दराने उचलले. दरमहा सुमारे २,११५ रुपये भरावे लागतील. दोन वर्षांत एकूण ५० हजार ७५० रुपयांच्या घरात. म्हणजे नुसते व्याज झाले साडेदहा हजारांच्या वर. धानाच्या भाषेत साडेचार क्विंटल! तेवढे धान रोवायला, निंदायला, कापायला आणि चुरायला किती दिवस लागतात, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

१८ हजारांचा फोन ‘बिनव्याजी’ हप्त्यावर घेतला, तर १२ महिने १,५०० रुपये. लाडकी बहीण योजनेत मिळणारी रक्कमही नेमकी १,५०० रुपये. म्हणजे जी रक्कम घरातल्या बाईच्या हाताला थोडी मोकळीक देण्यासाठी आली, ती वर्षभर परस्पर फोनच्या दुकानात जाऊ शकते. फोन घेऊ नये, असे नाही. चुकाऱ्याचा संदेश, मुलाचा अभ्यास, दवाखान्याची चौकशी सगळे फोनवरच होते आणि हा मजकूरही आपण फोनवरच वाचत आहात. प्रश्न आहे तो आठ हजारांच्या फोनने भागत असताना अठरा हजारांचा का, हा.

सूक्ष्म कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून लागू आहे. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत. पण ही कर्ज देणाऱ्यावर घातलेली कमाल मर्यादा आहे, घेणाऱ्यासाठी सुरक्षित पातळी नव्हे. शिवाय ‘मासिक उत्पन्न’ ही कल्पनाच मुळात पगारदाराची. वर्षाचे उत्पन्न १२ ने भागले, की कागदावर भाद्रपदातही पैसे दिसतात. प्रत्यक्षात तेव्हा कणगीचा तळ दिसत असतो. मग एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचल आणि दुसऱ्यासाठी तिसऱ्यातून. गावोगावी अनेक घरे याच फेऱ्यात अडकलेली दिसतात.

खर्रा हा ‘छोटा खर्च’ आहे का?

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही पन्नीत घोटलेला खर्रा इथल्या प्रत्येक चौकात मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना. पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारला जातो. दिवसाला २० रुपयांचा एकच खर्रा धरला, तरी वर्षाचे ७,३०० रुपये होतात, म्हणजे तीन क्विंटलहून अधिक धान. अनेकांचा एकावर भागत नाही आणि घरात खाणारा एकटा नसतो. तोंडाच्या कर्करोगाचा खर्च या हिशेबात धरलेलाच नाही.

गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदी असावी की नसावी, यावर मतभेद आहेत आणि राहतील. मात्र दोन्ही जिल्ह्यांत या मागणीसाठी रस्त्यावर उतरल्या त्या प्रामुख्याने महिला, हे विसरता येणार नाही. घरात आलेला पैसा घराच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही, हे अर्थशास्त्र त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून सुरू असलेले ‘मुक्तिपथ’ अभियान दारूसोबत तंबाखूलाही लक्ष्य करते, ते याच कारणाने. सवय एकट्याची असली, तरी ती चालते गावाच्या मान्यतेवर. म्हणून ती सुटायलाही गाव लागते.

अधिक मिळाले की समाधान वाढते का?

अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये एक कोडे मांडले. एकाच समाजात श्रीमंत लोक गरिबांपेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतात. पण संपूर्ण देशाचे उत्पन्न वाढत गेले, तरी लोकांचे सरासरी समाधान त्या प्रमाणात वाढताना दिसत नाही. यावर आजही वाद आहे. मात्र त्यांनी दिलेले कारण आपल्या आळीतही पडताळता येते. माणूस आपले सुख स्वतःच्या गरजेने कमी आणि शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहून जास्त मोजतो.

पूर्वी ही तुलना गावापुरती होती. आता खिशातला फोन नागपूर, पुणे, मुंबईची अंगणे दिवसभर दाखवत राहतो. लग्नात डीजे, ड्रोनचे चित्रीकरण, लग्नाआधीचे फोटो, हळदीला वेगळे कपडे हे सगळे दहा वर्षांत ‘आवश्यक’ झाले. ते कुणाला आवश्यक होते, हे कुणी विचारत नाही. चिमूर तालुक्यातील गोंदोड्याच्या तपोभूमीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत खर्चिक लग्नांवर आणि हुंड्यावर कोरडे ओढले, त्यालाही आता सत्तर वर्षे होत आली. तेव्हा सावकाराच्या वहीत नाव लागत असे, आता ॲपमध्ये लागते. लग्नाचे कर्ज मात्र तसेच आहे.

पाचगावने काय सोडले?

‘पुरे’ हा शब्द इथल्या एका गावाने प्रत्यक्ष व्यवहारात वापरून दाखवला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने जंगल राखण्याचे शंभरहून अधिक नियम स्वतः बसून ठरवले. त्यातला एक निर्णय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे. गावाने तेंदूपाने तोडणे थांबवले.

तेंदू हे या भागातील रोख पैशाचे मोठे साधन. ते सोडायचे कारण काय? कोवळी पाने मिळावीत म्हणून झुडपे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात आणि झाड वाढले नाही की फळ येत नाही. तेंदूफळ माणसे खातात, पाखरे खातात. गावाने हिशेब मांडला, की काही आठवड्यांच्या पैशासाठी जंगल जाळणे परवडणारे नाही. त्याऐवजी बांबूवर लक्ष दिले. बांबूची तोड, मोजणी, विक्री सगळे ग्रामसभेच्या हाती. मजुरी गावातच मिळू लागली. जंगलाचा एक तुकडा तर कुणीही काही तोडायचे नाही, असा राखून ठेवला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पाचगावने उत्पन्न सोडले ते हातात हक्क आल्यानंतर. ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे, तोच ‘नको’ म्हणू शकतो. ज्याला पर्याय नाही, त्याच्या तोंडी ‘पुरे’ घालणे ही क्रूर थट्टा होईल.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची वाटही अशीच. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगल गावाच्या हाती आले. एप्रिल २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने एक रीत पाळली. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय टिकतो. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो आणि मजुरीतला काही भाग ग्रामकोशात जातो. अडल्यानडल्याला त्या कोशाचा आधार असतो. हातात रोख कमी असली, तरी पाठीशी गाव आहे, ही भावना कुठल्याही दुकानात हप्त्यावर मिळत नाही. समाधानाचा मोठा भाग बहुधा यातच असतो.

मग पैसे खर्चच करायचे नाहीत का?

तसे मुळीच नाही. दिवाळीनंतर धान घरी आले, की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचे केंद्र. होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. मंडई भरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. तिकिटावर, पाहुणचारावर, नव्या कपड्यांवर खर्च होतोच. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

हा खर्च आणि ऑनलाइन मागवून कोपऱ्यात पडलेल्या वस्तूवरचा खर्च सारखा नाही. नाटकाचा पैसा नट, वादक, मंडपवाला, चहावाला असा याच मुलखात फिरतो. बदल्यात जे मिळते ते वर्षभर बोलायला पुरते. आणि सर्वांत महत्त्वाचे, हा खर्च पीक हातात आल्यावर होतो, त्याच्या आधी नाही. आधी धान, मग नाटक. आपल्या वाडवडिलांनी लावलेला हा क्रम आर्थिक नियोजनाच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल असा आहे. हप्त्याने नेमका हाच क्रम उलटा केला. आधी वस्तू, मग धान.

समाधान म्हणजे गरिबीचे कौतुक का?

नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांची आठवण इथे हवी. थोडक्या जमिनीवर, १९८३ पासून निवड करत करत त्यांनी धानाचे एक वाण सिद्ध केले. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाची मोठी चलती होती, म्हणून वाणाला नाव पडले ‘एचएमटी’. घड्याळाची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. धान मात्र अजून शेतात आहे आणि आपल्या ताटातही. मिरवण्याची वस्तू आणि उपयोगाची वस्तू यांच्या आयुष्यातला फरक यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’च्या यादीत झळकलेले दादाजी २०१८ मध्ये गेले, तेव्हा घरची आर्थिक विवंचना संपलेली नव्हती. त्यांच्या वाणावर इतरांनी पैसा कमावला. त्यांच्या साधेपणाचे गोडवे गाणाऱ्या समाजाने त्यांना त्यांचा वाटा दिला नाही. समाधान हे अन्यायावर घालायचे पांघरूण नव्हे.

म्हणूनच घरखर्चाची चर्चा सरकारला सूट देऊन करता येत नाही. धानाचे चुकारे रखडले, रोजगार हमीची मजुरी महिनोन्‌महिने आली नाही, बारदान्याअभावी खरेदी थांबली, की गरजू माणूस सावकाराकडे किंवा ॲपकडे जातो. ते त्याच्या चैनीमुळे नव्हे. वेळेवर मिळालेला चुकारा हा काटकसरीच्या शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक बचत घडवतो. हंगामी उत्पन्नाच्या लोकांसाठी हंगामी परतफेडीची कर्जे असावीत, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी. पीककर्जाची परतफेड हंगामावर बेतलेली असते. मग घरगुती कर्जालाच महिन्याची सक्ती कशासाठी?

घरात आज काय करता येईल?

पहिले, महिनाभर वही ठेवा. खर्रा, चहा, रिचार्ज, कुरकुऱ्याची पुडी, सगळे लिहा. कुणाला बोल लावण्यासाठी नव्हे, नुसते दिसावे म्हणून. वही घरातल्या बाईने आणि पुरुषाने दोघांनी लिहावी.

दुसरे, मोठी खरेदी धानात मोजा. किती क्विंटल, हा प्रश्न किती रुपये यापेक्षा लवकर जागे करतो.

तिसरे, हप्ता घ्यायचाच असेल, तर तो वर्षाच्या सरासरीवर नव्हे, सर्वांत कोरड्या महिन्याच्या मिळकतीवर तोलून पाहा. श्रावण-भाद्रपदात जो हप्ता निघत नाही, तो हप्ता आपला नाही.

चौथे, न अडणाऱ्या वस्तूंसाठी एक पीक थांबा. पुढचे धान येईपर्यंत ती हवीशी वाटली, तर रोखीने घ्या. अर्ध्याहून अधिक वस्तू तोवर आठवणारही नाहीत.

पाचवे आणि सर्वांत अवघड, काही गोष्टी एकट्याने ठरवू नका. लग्नात डीजे नको, असे एका बापाने म्हटले तर लोक त्याला कंजूष म्हणतात. ग्रामसभेने किंवा बचत गटाने म्हटले तर तो रिवाज होतो. पाचगाव आणि मेंढ्याने हेच दाखवले. इच्छा आवरण्याचे ओझे एकेकट्याच्या मनावर टाकले की ते पेलत नाही, गावाने वाटून घेतले की हलके होते.

काळ अनिश्चित आहे. कोळशाचे, लोखंडाचे, तेंदूचे भाव आपल्या हातात नाहीत. पाऊस नाही, वाघही नाही. कमाईतले किती आणि कशासाठी आधीच गहाण टाकायचे, एवढे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. यंदा धान विकल्यावर पैसे खात्यात येतील, तेव्हा त्यातले किती आधीच दुसऱ्याचे झालेले असतील, हा आकडा काढून पाहा. पुढच्या वर्षी तो थोडा जरी कमी झाला, तरी नाटकाच्या रात्री पाहुण्यांत बसताना मन अधिक मोकळे असेल.